माप हसताना घ्यायचं

काकींच्या दुकानात एक्सेल मिळत नाही. आत्या मिळते.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. रविवारी सकाळी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, घेऊन खाडीत उतरायची हौस हल्ली पुष्कळांना लागली आहे. असाच कोणी भरदार गृहस्थ खारघरहून गाडी काढून येतो, गॉगल कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "लाईफ जॅकेट दाखवा, एक्सेल." काकी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळतात आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतात, "सूनबाय, आत्या काढ गं एक!"

गृहस्थ चमकून आतल्या दाराकडे बघतो. त्याला वाटतं, कोणी म्हातारी बाई बाहेर येणार. बाहेर येतं ते केशरी रंगाचं जॅकेट.

त्याचं असं आहे, की काकींचा कंपनीच्या लेबलांवर काडीचा विश्वास नाही. नवीन माल आला की पहिलं काम म्हणजे मानेजवळची लेबलं कात्रीने कापून टाकायची. "एका खोक्यातला एल दुसऱ्या खोक्यातल्या एमपेक्षा बारीक असतोय. कोनच्या देशातल्या मानसाचं माप घेतलंय, कोनाला ठाव?" मग प्रत्येक नमुना घरातल्या बायकांच्या अंगावर चढतो. सगळ्यात लहान माप धाकट्या जावेचं, त्यावर थोरली जाऊ, त्यावर नणंद आणि सगळ्यात मोठं आत्याचं. पुरुषांची मापंही याच नावांनी. चौघीही खऱ्या आहेत. आत्या चिरनेरला दिलेल्या, सणावाराला माहेरी येतात. एकदा त्या दुकानातच खुर्चीवर बसून चहा पीत होत्या आणि काकी एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांना सांगत होत्या, "तुमाला आत्या बसंल, पन पोटाकडं आनखी जरा सोडाया लागंल." त्या क्षणी आत्यांनी साहेबांकडे ज्या समाधानाने बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

दुकान म्हणजे काकींच्या घराची पुढची पडवी. खाडीच्या अंगाला जे जुनं गाव आहे, ज्याच्या चारी बाजूंनी आता टॉवर उभे राहिलेत, त्या गावातली एक अरुंद गल्ली. बाहेर पाटी आहे: 'ब्लाऊज, अस्तर, फॉल-पिको. लाईफ जॅकेट, ड्राय बॅग, पॅडलची दोरी व होडीचे सर्व सामान.' त्याखाली लाल रंगात, 'माप दिल्याशिवाय काहीही मिळणार नाही.' आत एका बाजूला काचेच्या कपाटात साडीच्या फॉलची रंगीबेरंगी रिळं, दुसऱ्या बाजूला खुंट्यांवर जॅकेटं, मोबाईलसाठी पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, बोटं उघडी असलेले हातमोजे, हनुवटीखाली बांधायच्या टोप्या. मधोमध पायमशीन आणि मशीनमागे काकी. गळ्यात टेप. ही टेप मी त्यांच्या गळ्यात लग्नसमारंभातही पाहिली आहे, सोन्याच्या हाराशेजारी. दसऱ्याला मशीनची पूजा होते तेव्हा शेजारी एक पॅडलही उभं असतं, झेंडूची माळ घालून.

त्यांना आंटी म्हटलेलं चालत नाही. "आंटी तुज्या बिल्डिंगमधली. मी काकी." ही ताकीद मिळाली की आयटीतली पोरंपोरी निमूट काकी म्हणतात. कॉलेजातल्या मुलीपासून पेन्शनीतल्या माणसापर्यंत सगळ्यांच्या त्या काकीच आहेत.

काकी या धंद्यात आल्या त्या काही ठरवून नाही. नवं शहर वसताना सासरची मिठागरं गेली, यजमान बंदरावर कामाला लागले आणि काकींनी ब्लाऊज शिवायला घेतले. मग कधीतरी गावाच्या जेटीवरून हौशी लोक कयाक सोडायला लागले. एके दिवशी एक मुलगी तुटलेल्या पट्ट्याचं जॅकेट घेऊन गल्लीत शिलाईवाली शोधत आली. काकींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे शिवलंय कोनी? उशीचा अभ्रा यापरीस बरा शिवतात." त्यांनी पट्टा दुहेरी शिवून दिला. पुढच्या रविवारी त्या मुलीबरोबर आणखी तिघीजणी आल्या. पट्ट्यांवरून काकी बकलांवर गेल्या, बकलांवरून नव्या मालावर. आता भिवंडीच्या गोदामातून खोकी येतात आणि पावसाळा सरला की गल्लीत गाड्या लावायला जागा उरत नाही.

पण माल आला म्हणून लगेच खुंटीला लागत नाही. आधी त्याची परीक्षा असते. ड्राय बॅग आली की काकी तिच्यात भाजलेला पापड ठेवतात, तोंड गुंडाळून बंद करतात आणि ती पिशवी दगडाखाली दाबून मागच्या हौदात बुडवतात. दुसऱ्या दिवशी पापड बाहेर काढून कानाशी मोडायचा. कडकन आवाज आला तर पिशवी पास. पापड मऊ पडला की सगळं खोकं परत. भिवंडीचा माणूस एकदा फोनवर म्हणाला, "मॅडम, इसमें कंपनी का सर्टिफिकेट है." काकी म्हणाल्या, "सर्टिफिकेट वाजवून दाखव."

शिट्टीची परीक्षा यजमानांवर. बंदरावर यंत्रांच्या आवाजात वर्षं काढून त्यांना कमी ऐकू येतं. ते आत टीव्हीसमोर मॅच बघत असताना काकी पडवीत शिट्टी फुंकतात. यजमान "काय झालं?" करत उठून आले तर शिट्टी विकायला लायक. नाही उठले तर ती शेजारच्या पोरांना खेळायला. चांगली मॅच चालू असेल तेव्हा परीक्षा घेत नाहीत, तो शिट्टीवर अन्याय होतो असं त्यांचं म्हणणं.

मागे एक चुणचुणीत सेल्समन कमरेला बांधायचा पट्टा घेऊन आला होता. नवीनच निघालेला. पाण्यात पडल्यावर दोरी ओढायची, की गॅसने फुगा फुगतो. त्याने दुकानात दोरी ओढून दाखवली, फटकन आवाज झाला, थोरली जाऊ दचकून मागे सरकली. काकींनी शांतपणे विचारलं, "आनि दोरी ओढाया आठवली नाय तर?"

"मॅडम, जिवावर बेतल्यावर आठवणारच ना!"

"बाबा, मी जेटीवरनं पडले होते एकदा. पान्यात गेल्यावर मला माज्या नवऱ्याचं नाव आठवंना. तुजी दोरी कशी आठवंल?"

सेल्समनने फुगा गुंडाळून पिशवीत घातला. काकींनी त्याला सरबत पाजून पाठवलं.

हे सगळं खरं असलं तरी काकींची ख्याती यासाठी नाही. ख्याती आहे ती माप घेण्याच्या पद्धतीसाठी. काकी माप घेतात ते माणूस हसत असताना.

याचं मूळ ब्लाऊजात आहे. टेप अंगाला लागली की बाई पोट आत ओढते, श्वास धरते. बारीक दिसण्याची हौस टेपसमोरसुद्धा सुटत नाही. त्या मापाचा ब्लाऊज आरशासमोर झकास बसतो आणि पंगतीत जिलबी वाढली की दगा देतो. गावातल्या एका नवरीचे हूक उखाणा घेतानाच तटातट सुटले होते. त्या दिवशी काकींनी ठरवलं की आपल्याशी खोटं बोलणाऱ्या पोटाचं माप घ्यायचं नाही. हसणाऱ्या माणसाला पोट आत ओढता येत नाही, हे त्यांचं साधं गणित.

जॅकेटला ते गणित आणखी लागू. उभ्याने पोट ओढून घेतलेल्या मापाचं जॅकेट कयाकमध्ये बसल्यावर काचतं. मग माणूस पट्टे सैल सोडतो. आणि सैल जॅकेट घालून पाण्यात पडलं की ते वर सरकून थेट तोंडावर येतं. "ब्लाऊज चुकला तर लोकं हसतील," काकी म्हणतात, "जॅकेट चुकलं तर लोकं रडतील. म्हनून आधी हसून घ्या."

हसवायला त्यांच्याकडे विनोद असे फारसे नाहीतच. एकच गोष्ट आहे, यजमानांच्या वरातीत बोकडाने त्यांचा फेटा कसा खाल्ला त्याची. ती गोष्ट आजवर कोणी पूर्ण ऐकलेली नाही. बोकड फेट्यापर्यंत पोचायच्या आत काकींनाच हसू फुटतं, त्या डोळे पुसत मशीनवर वाकतात, ते बघून गिऱ्हाईक हसतं आणि तेवढ्यात टेप कमरेभोवती येऊन गेलेली असते. एका कंपनीच्या मॅनेजरने सहलीसाठी एकदम पंचवीस जॅकेटं मागितली होती, "सगळी लार्ज द्या, चालवून घेतील." काकींनी त्याला पाटी वाचायला लावली. तो तणतणत गेला. पुढच्या शनिवारी बस भरून सगळ्यांना घेऊन आला, कारण बाकी कुठे एवढा नवीन माल नव्हता. त्या दिवशी गल्लीत हास्याचा असा कल्लोळ उठला, की टोकाच्या घरातल्या म्हाताऱ्याने साखरपुडा कोणाचा म्हणून विचारायला नातवाला पाठवलं. आणि एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं हसू पनवेलमध्ये कोणी पाहिलेलं नव्हतं. बोकड वाया गेला. शेवटी काकी म्हणाल्या, "सर, ऱ्हाऊ द्या. तुमी धाकटी जाऊ आहात." सर आधी थिजले आणि मग असे हसले की खिशातलं पेन पडलं.

मी नवीन पनवेलला राहते. उरणच्या रस्त्यावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात दिवसभर कंटेनरचे कागद बघते. आमच्या सेक्टरमधल्या आम्ही पाचसहा जणी रविवारी खाडीत जायला लागलो तेव्हा मी पहिलं जॅकेट काकींकडूनच घेतलं. मला हसायला बोकडाचीसुद्धा गरज पडली नाही, पाटी वाचूनच मी फुटले होते. "थोरली जाऊ," काकींनी निकाल दिला. सकाळी भरतीच्या पाण्यावर कांदळवनाच्या कडेकडेने जायचं, बगळे उडताना बघायचे, घरी येऊन पोळीभाजी खाऊन झोपायचं. आठवड्यातलं ते एवढंच माझं होतं. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, ऑफिसचं नाही.

मग मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, तो भाग काढून टाकला, पुढचे सगळे उपचार झाले. केस गेले आणि परत आले, कुरळे. वजन उतरलं ते मात्र आलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हळूहळू वल्हवायला लागा, हात मोकळा होईल, फक्त छातीवर कुठे दाब नको. मी आनंदाने घरी येऊन जॅकेट घातलं. ते एका बाजूला कललं. उजवीकडे बसत होतं, डावीकडे पोकळ, आणि पट्ट्याचं बकल नेमकं व्रणावर. कपाटाच्या आरशात मी स्वतःला बघितलं आणि काढून ठेवलं.

नवरा म्हणाला, "बागेत चालायला जात जा की." बहीण म्हणाली, "आता कशाला ती जोखीम." दोघांच्या मनात प्रेमच होतं, पण मला राग यायचा. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मीच जास्त माघार घेतली होती. त्या काळात मी मोठी टूथपेस्ट घेत नव्हते. शाम्पूच्या पुड्या आणायची. चपलेचा अंगठा तुटला तर तोच शिवून आणला, नवीन जोडावर खर्च कशाला म्हणून. कोणी दिवाळीत कुठे जायचं असं विचारलं की मी स्वयंपाकघरात निघून जायची. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण खाडी सुटली तर मग उरलं काय, हेही कळत होतं. म्हणून एका शनिवारी जॅकेट पिशवीत घालून काकींकडे गेले.

दुकानात गर्दी होती. काकींनी माझ्याकडे पाहिलं, कुरळ्या केसांकडे पाहिलं, सुनेला मशीनवर बसवलं आणि मला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली.

"दाखव, बाय."

मी दाखवलं. आजवर डॉक्टर सोडून कोणाला दाखवलं नव्हतं, नवऱ्यालाही धड नाही. काकी चष्मा लावून वाकल्या, ओढणीवरचं काम बघावं तशा बारकाईने बघत राहिल्या.

"शिलाई झकास हाय," त्या म्हणाल्या. "कुटं चुनी पडली नाय. बाईनं घातलेत टाके का बाप्यानं?"

"बाईनं."

"वाटलंच."

यावर खरं तर हसायला हवं होतं. मला रडू आलं. काकींनी रडू दिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. चेहरा पुसून मी म्हटलं, "काकी, फार काही करू नका. तात्पुरतं जमवून द्या. एवढ्या सीझनपुरतं मिळालं तरी पुष्कळ."

काकींनी टेप गळ्यातून काढली, हातात धरली आणि बोकडाची गोष्ट सुरू केली. वरात निघाली, बँड वाजला, बोकड सुटला. काकी स्वतः हसल्या, डोळे पुसले. मी ओठ ताणले. त्यांनी ताबडतोब ओळखलं.

"हे हसू नाय. हे तू मला बरं वाटावं म्हनून करतेस. आज माप नाय. चा घे आनि जा."

मी चिडले. "अहो, नुसती टेप तर लावायची आहे! माझं पोट आत ओढायला उरलंय कुठे?"

"पोट नसंल. श्वास धरलायस," काकी म्हणाल्या. "आलीस तवापासनं धरलायस."

त्यानंतर मी दोन-तीनदा गेले. प्रत्येक वेळी चहा झाला, माप झालं नाही. काकींनी धाकट्या जावेला बोलावून नकला करायला लावल्या. यजमानांना फेटा बांधून आणलं. चिरनेरहून आलेल्या आत्यांनी आपल्या नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज काढून दाखवला, तोही तीन प्रकारचा. सगळं घर माझ्यासाठी राबत होतं आणि मी त्यांच्यासमोर परीक्षेत नापास होणाऱ्या मुलीसारखी बसलेली. इकडे खाडीला चांगलं पाणी असलेले रविवार निघून जात होते. मैत्रिणी मोबाईलवर फोटो टाकायच्या. शेवटी मी म्हटलं, "राहू दे काकी. माझ्यानं नाही होणार." आणि जॅकेट तिथेच टाकून आले. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं की कयाक विकून टाकू. तो हो म्हणाला, आणि लगेच हो म्हणाला म्हणून मी त्याच्याशी भांडले.

आठवड्याने काकींचा फोन आला. "झालंय. घेऊन जा."

"माप न घेता?"

"अंदाजानं केलंय. ये."

काकी अंदाजाने शिवतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. गेले. माझं जुनं जॅकेट त्यांनी पार नवीन करून टाकलं होतं. आतली फोमची गादी तशीच, तिला सुई लावायची नसते, हे त्यांचं पक्कं. पण वरचं केशरी कापड सगळं नवं. बकल डावीकडून उजवीकडे नेलेलं. डाव्या बाजूला आतून जुन्या सुती साडीची मऊ घडी, पोकळी भरेल आणि टोचणार नाही अशी. मी त्या घडीवरून हात फिरवला. एवढं सुबक काम होतं. मग बगलेखालच्या शिवणीवर हात गेला तर तिथे जाडसर काहीतरी लागलं. दोन्ही बाजूंना. उलटून पाहिलं, तर आत चांगलं चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं.

"हे काय?"

"कापड ठेवलंय आत."

"लाईफ जॅकेटला?"

"मग? ब्लाऊजाला ठेवत नाय का? पुडं अंगानं भरलीस की उसवून सैल करून देईन. नवीन कशाला घ्यायाचं?"

"काकी, मी तुम्हाला म्हटलं होतं ना, एवढ्या सीझनपुरतं..."

"सीझनपुरतं आमी शिवत नाय." त्या दोऱ्याचं टोक दाताने तोडत म्हणाल्या. "तुजी सासू मी बघितलीय. भाजीवालीशी भांडताना. तू बी तशीच व्हनार, लिहून ठेव. आता धाकटी जाऊ झालीयस. पन्नाशी ओलांडलीस की नणंद. आनि साठीला बाय, तू आत्या! हे चार बोटं कापड बी पुरायचं नाय तुला."

माझ्या सासूबाई म्हणजे प्रकरण आहे. रिक्षात शेजारी दुसरं कोणी मावत नाही आणि भाव करताना हातवारे असे करतात की रस्ता अडतो. आपण काहीही होऊ पण सासूबाईंसारखं होणार नाही, हा माझा लग्न झाल्यापासूनचा पण. आणि एकदम मला मी दिसले. साठीची, सासूबाईंएवढी, आत्याच्या मापाचं केशरी जॅकेट घालून कयाकमध्ये कशीबशी कोंबलेली, आणि मासे विकणाऱ्या होडीतल्या बाईशी कोलंबीच्या भावावरून खाडीच्या मध्यभागी भांडतेय. पॅडल हवेत. हातवारे तेच.

मला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग आवरेना. डाव्या बाजूला व्रण ताणला गेला, दुखलं, तरी आवरेना. मी मशीनचा आधार घेतला. थोरली जाऊ आतून धावत आली. आणि काकी, ज्या स्वतःच्या गोष्टीला कायम आधी हसतात, त्या अजिबात हसत नव्हत्या. त्यांनी कधी टेप काढली आणि कधी ती माझ्या पाठीमागून पुढे आणली, मला कळलंही नाही.

"हलू नको. हस, पन हलू नको."

टेपवर अंगठा ठेवून त्यांनी आकडा वाचला, परत एकदा घेतलं, आणि मान हलवली. "दोन बोटं चुकले. म्हनून मी अंदाजानं शिवत नाय." मग ते जॅकेट, ज्यावर त्यांचा आठवडा गेला होता, मांडीवर घेतलं आणि कात्रीच्या टोकाने शिवण उसवायला सुरुवात केली.

"काकी, चालेल हो दोन बोटं!"

"तुला चालंल. पान्याला चालायचं नाय."

पुढच्या रविवारी मी खाडीत होते. फार लांब गेले नाही, पहिल्या वळणापर्यंतच. जॅकेट अंगावर आहे हेसुद्धा मला जाणवत नव्हतं, आणि काकींच्या लेखी चांगल्या कामाची हीच खूण. परतले तेव्हा जेटीवर नवरा उभा होता. कधी येत नाही तो. त्याने कयाक वर ओढायला मदत केली आणि विकायचं नाव दोघांनीही काढलं नाही. घरी जाताना मी वाण्याकडे थांबून टूथपेस्ट घेतली, सगळ्यात मोठी.

मला काकींचं आश्चर्य वाटतं ते याचं, की त्यांनी मला धीराचा एक शब्द दिला नाही. तू बरी होशील, देवावर भरवसा ठेव, असलं काही नाही. तसं म्हणणारे भेटीला येऊन जायचे आणि जाताना जिन्यात आवाज खाली करून बोलायचे, ते मला ऐकू यायचं. काकींनी फक्त मी जाड होणार हे गृहीत धरलं आणि तेवढं कापड कापलं. मी त्यांच्याशी यावर कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. काकींना आता जाड भिंगाचा चष्मा लागतो, मशीन बहुतेक सूनच चालवते, पण टेप काकींच्याच गळ्यात आहे. बोकड अजून फेट्यापर्यंत पोचलेला नाही. गेल्या महिन्यात कयाकमध्ये बसल्यावर मला बगलेखाली काचायला लागलं. पट्टा सोडून पाहिला, तरी काचलं. सोमवारी ऑफिसातून परस्पर गल्लीत गेले.

काकींनी शिवण उसवली. एवढ्या वर्षांच्या उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने जॅकेट विटून पिवळसर झालं होतं. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं ते पहिल्या दिवसासारखं केशरी. दोन्ही बगलांखाली चार बोटांचा एकेक लखलखीत पट्टा. काकींनी तो हाताने सपाट केला, मला घालायला लावलं, आणि लांब उभ्या राहून बघितलं.

"बसलं. पन आता आत काय उरलं नाय," त्या म्हणाल्या. "आनि गादी बी जुनी झाली. पुडल्या दसऱ्याला नवीनच शिवू. केवडं कापड ठेवू आत?"

"भरपूर ठेवा, काकी," मी म्हटलं.